संगणक-टीव्ही जोडणी

वैयक्तिक संगणकाचे चित्र दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर आणणे आणि तेथे ते वाचण्याजोगे करणे. सोलापूर जिल्ह्यात या जोडणीचा खरा कस लागतो तो शाळेच्या वर्गात. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराआधीच बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड रूढ झाले होते. पण कोडमागचा धडा फोनवर एकाला दिसतो. तो सगळ्या वर्गाला दाखवायचा तर मोठा पडदा हवा, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या लागणाऱ्या वर्गात प्रोजेक्टरपेक्षा टीव्ही बरा चालतो. एचडीएमआय केबल लावणे हे मिनिटाचे काम. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडले की चित्र येते. अडचण त्यानंतरची आहे. अक्षरे फिसकटलेली दिसतात, खालची पट्टी अर्धी गायब होते, आणि दोष केबलला किंवा संचाच्या स्वस्ताईला दिला जातो. बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष असतात. संच संगणकाच्या चित्राला सिनेमा समजून वागवत असतो, म्हणून जुळवणीची सुरुवात रंगांपासून नव्हे, ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) मोजमापापासून करावी लागते.

संचाची ही सवय जुनी आहे. काचेच्या नळीच्या संचात विजेचा दाब खालीवर झाला की चित्र लहानमोठे होई. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून ते मुद्दामच पडद्याहून थोडे मोठे पाडले जाई आणि कडा चौकटीमागे जात. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात. बातम्या, नाटक, क्रिकेट यांत कडेचे काही गेले तरी बिघडत नसे. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून भारतातल्या शाळांत आलेला बीबीसी मायक्रो हा संगणकही टीव्हीला जोडता येई; पण त्याच्या टेलिटेक्स्ट पद्धतीत एका ओळीत ४० अक्षरे आणि पडद्यावर २५ ओळी एवढाच ऐवज असल्याने संचाची खोड खपून जाई. आता पडदा सपाट झाला, प्रत्येक ठिपक्याची जागा पक्की झाली, तरी अनेक संचांत ओव्हरस्कॅन सुरूच असतो. प्रत्येक कडेचा अडीच टक्के भाग कापला गेला, तर १९२० × १०८० च्या चित्रातून वर आणि खाली २७-२७ ठिपके जातात. विंडोज १० ची खालची पट्टी जेमतेम ४० ठिपके उंच. तिचा निम्म्याहून अधिक भाग त्यातच गेला. उरलेले चित्र ताणून पडदा भरला जातो, म्हणजे एकही ठिपका आपल्या जागी राहत नाही.

ठिपका जागचा हलला तर काय होते, हे सोलापुरी चादरीच्या नक्षीवरून चटकन समजते. जॅकार्डची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवताना एक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक गाठभेट. कागद दीडपट ताणून चौकटींची वाटणी नव्याने केली, तर मोर मोर राहत नाही. बाजारात दीर्घकाळ सर्रास विकल्या गेलेल्या ३२ इंची संचांचा पडदा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा असतो. त्याला १९२० × १०८० चे चित्र दिले की पडद्याच्या एका ठिपक्यात आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी संगणकाचे सुमारे १.४ ठिपके कोंबावे लागतात. एक ठिपका जाडीची शिरोरेषा मग दोन करड्या रेषांत विभागते. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. तेलुगूचा तलकट्टू (अक्षराच्या डोक्यावरची खूण) आणि उर्दूचे नुक्ते (टिंबे) यांचेही तेच हाल होतात. त्यावर संच ‘शार्पनेस’च्या नावाखाली अक्षराभोवती पांढरी कड ओढतो, ती वेगळीच.

यावर एक आक्षेप योग्य आहे: मागच्या बाकावरून हे सारे दिसते तरी का? ३२ इंची पडद्याचा ठिपका सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा. निकोप डोळ्याला ६ मीटरवरून सुमारे पावणेदोन मिलिमीटरचा तपशील कसाबसा वेगळा काढता येतो. म्हणजे मागच्या मुलाला ठिपक्यांची सरमिसळ दिसतच नाही, हे खरे; पण त्याला अनुस्वारही दिसत नाही. ‘त्याचे’ आणि ‘त्यांचे’ यांतला फरक त्या अंतरावर टिकायचा तर टिंब किमान चार ठिपके रुंद हवे, आणि नेहमीच्या आकाराच्या अक्षरात ते साधारण दोनच असते. तेव्हा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘स्केल’ २०० टक्क्यांच्या आसपास न्यावे. त्याऐवजी रिझोल्यूशन उतरवूनही अक्षर मोठे होते, आणि ती वाट सोपी वाटते. पण तिथे संगणक आधी कमी ठिपक्यांत अक्षर काढतो आणि संच ते फुगवतो. स्केल वाढवले तर मोठे अक्षर मुळातच जास्त ठिपक्यांनी काढले जाते. पुढच्या बाकावरची मुले तर दोन मीटरवर असतात; त्यांना फरक जाणवतो.

म्हणून आधी संचाच्या मेनूत ओव्हरस्कॅन बंद करावा. एलजीच्या संचांत त्यासाठी ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’, सोनीत ‘फुल पिक्सेल’ अशी नावे आढळतात. ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून चित्र आकसून घेण्याचा उपाय अनेक तंत्रज्ञ सुचवतात. त्याने कडा परत दिसतात, पण चित्र एकदा आकसते आणि एकदा ताणले जाते. रोग दुप्पट होतो. तो संचात सोयच नसेल तेव्हाचा नाइलाज समजावा. १३६६ × ७६८ च्या संचाला जुन्या व्हीजीए जोडणीतून नेमके तेवढेच रिझोल्यूशन मिळाले, तर ते एचडीएमआयहून सुबक दिसू शकते. मात्र १३६६ ला ८ ने भाग जात नसल्याने काही संगणक १३६० च देतात. त्यानंतर एचडीएमआयच्या प्रवेशाला (इनपुटला) ‘पीसी’ असे नाव द्यावे. काही संचांत एरवी रंगांचा तपशील निम्म्यावर आणला जातो, त्यामुळे लाल-निळी अक्षरे पसरतात. हे नाव दिले की तो पूर्ण मिळतो. शार्पनेस त्या संचाच्या तटस्थ बिंदूवर आणावा. तो कधी शून्य असतो, कधी मधला.

उजेड शेवटी. उन्हाळ्यात झगझगीत वर्गात ‘व्हिविड’ लावण्याचा मोह होतो, आणि त्यात नकाशावरची भीमा नदी भलतीच निळी होते. उजेड वाढवायचा तो ‘बॅकलाइट’ने. पुष्कळ संचांत ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळ्याची पातळी असते. ती चढवली की काळा राखाडी होतो. संगणक ० ते २५५ आणि संच १६ ते २३५ अशी पातळी धरून बसले, तर गडद भाग पार बुडतात. संगणकाने मर्यादित आणि संचाने पूर्ण पातळी धरली, तर चित्र धुरकट होते. दोन्हीकडे एकच पर्याय निवडावा. केबलऐवजी वापरलेली बिनतारी जोडणी चित्रपटाला पुरते. बारीक अक्षरांना नाही, कारण चित्र दाबून पाठवले जाते आणि माउसचा बाणही मागे रेंगाळतो. पुष्कळ संच ही सेटिंगे प्रत्येक प्रवेशासाठी वेगळी साठवतात. म्हणून झाडलोटीत निघालेली केबल पूर्वीच्याच छिद्रात घालावी, आणि त्या छिद्रावर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी.