परळ ते खारघर, व्हाया रक्त

पनवेलच्या बाजूला रिक्षावाल्याला ‘टाटा’ म्हटले की पुरते. तो खारघरच्या डोंगराकडे वळतो. ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे नाव पाटीवर आणि केसपेपरवर. साठ एकरांत पसरलेली ही संस्था २००२मध्ये परळहून इथे आली आणि लोक तिला कॅन्सरसाठीच ओळखतात. परळमध्ये तिच्या माणसांनी आनुवंशिक रक्तदोषांवर जे काम केले, त्याची आठवण मात्र फारशी कुणी ठेवलेली नाही.

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१मध्ये सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. धोतराच्या घट्ट गाठीखाली कातडी वर्षानुवर्षे घासून होणारा कॅन्सर त्यांनी १९४५मध्ये नोंदवला. कॅन्सर समाजागणिक वेगळा का दिसतो, सवयीमुळे, आहारामुळे की रक्तातूनच काही येते, हा त्यांचा ध्यास. म्हणून १९४९मध्ये सहकारी एल. डी. संघवींबरोबर त्यांनी मुंबईतल्या सहा समाजांचे सात आनुवंशिक गुणधर्म तपासले. हे सगळे बेटीव्यवहार आपापल्यातच ठेवणारे समाज. जातीजातींचे रक्त मोजण्याची कल्पना आज खटकेल. पण आपल्याकडे रोगाचे जनुक कुठे साठत जाते हे कळायला लग्नांच्या रिवाजापाशी यावेच लागते.

१९५२मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर, म्हणजे आजच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’चे मूळ, उभे राहिले. त्याच वर्षी निलगिरीत भारतातला सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष प्रथम नोंदवला गेला, तर जवळच्याच केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना ‘बॉम्बे’ हा दुर्मिळ रक्तगट सापडला. १९५६मध्ये सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी पश्चिम भारतातल्या आदिवासींमधल्या सिकलसेल वाहकांवर लेख लिहिला. त्या काळातली चाचणी अगदी साधी. बोटाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर ठेवायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळायचे, वर काच दाबून कडा बंद करायच्या. आतला प्राणवायू संपत जातो आणि दोषी हिमोग्लोबिन असलेल्या गोल पेशी सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारख्या वाकलेल्या दिसतात.

१९६२मध्ये केईएमच्या एच. एम. भाटियांसोबत संघवींनी बॉम्बे रक्तगट आणि नात्यातली लग्ने यांचा संबंध तपासला. पुढच्याच वर्षी संघवींच्या सहभागाने पारशी समाजातल्या जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेवरचा अभ्यास आला. हिवतापावरचे प्रायमाक्विन अशा माणसाला दिले तर तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणजे विषय दवाखान्यातल्या रोजच्या गोळीचाच होता. तंबाखू आणि तोंड-घशाच्या कॅन्सरवर १९५५मध्ये लिहिणारे संघवीही हेच!

१९६६मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. आनुवंशिक रक्तदोषांचा मुख्य गड आज केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिचे मूळ १९५७च्या रक्तगट संदर्भ केंद्रात. तिच्या चंद्रपूरच्या केंद्राचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ला झाले.

आता प्रश्न जनुक कुणाकडे आहे एवढ्यावर थांबत नाही, ते चालू-बंद कसे होते इथवर आला आहे. गर्भात वेगळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ बंद पडते. ज्यांच्यात ते थोडे चालू राहते, त्यांना सिकलसेलचा त्रास कमी होतो, आणि पश्चिम भारतातल्या अनेक रुग्णांत ते जास्त आढळते. ते बंद करणाऱ्या ‘बीसीएल-इलेव्हन-ए’ या जनुकाचा जोर रक्तपेशींत कमी करणाऱ्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३च्या अखेरीस मान्यता मिळाली.

खारघरला जनुकोपचार आला तो कॅन्सरच्या वाटेने. ४ जून २०२१ रोजी इथल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात आयआयटी मुंबईबरोबर घडवलेली कार-टी पेशींची उपचारपद्धती पहिल्यांदा वापरली गेली. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, लेंटीव्हायरसच्या मदतीने त्यांत नवे जनुक घालायचे आणि त्या परत सोडायच्या. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तिला ‘नेक्सकार१९’ म्हणून मान्यता मिळाली. किंमत अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण दहावा हिस्सा. त्याच जातीचा विषाणू मूळपेशींत वापरून वेल्लोरच्या सीएमसीने पाच हिमोफिलिया रुग्णांवर केलेला प्रयोग २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. थॅलेसेमिया मेजर हा आनुवंशिक रक्तदोष असलेल्या बहुतेक मुलांना मात्र अजून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवून घ्यावे लागते, आणि साठत जाणारे लोह काढायचे औषध रोज.