संत्र्यावरची मुंगी : राखणदार की चोर?

लिंबाच्या किंवा संत्र्याच्या झाडावर मुंग्यांची रांग दिसली की आपला हात आधी पावडरीच्या डब्याकडे जातो. ही मुंगी कोणती आणि झाडावर कशासाठी चढते आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. ज्यांनी ते विचारले, त्यांना निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या देशांत अगदी उलटसुलट उत्तरे मिळाली. त्या उत्तरांचीच ही हकीकत आहे.

आमचे सौंदड हे धानाच्या मुलखातले गाव. संत्र्याचा खरा पट्टा पश्चिमेला, काटोल, वरुड, मोर्शीकडे. हंगामात ती संत्री ट्रकांतून कोलकत्याच्या दिशेने जातात, तो महामार्ग मात्र आमच्या गावावरून जातो. परसात कागदी लिंबाचे झाड असलेली घरे इकडे पुष्कळ. शिवाय जंगल जवळ. त्यामुळे झाडाची हिरवी पाने एकमेकांना चिकटवून चेंडूसारखे घरटे करणारी तांबडी मुंगी आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. कोकणात तिला ओंबील म्हणतात. पाने जोडायला ती आपल्याच अळ्यांचा उपयोग करते. अळीच्या तोंडातून रेशमी धागा निघतो. मोठी मुंगी अळीला जबड्यात धरते आणि विणकराच्या धोट्यासारखी या पानावरून त्या पानावर फिरवते. हिचा चावा ज्याने एकदा अनुभवला, तो ते झाड जन्मभर विसरत नाही.

आता ही मुंगी कोणी पैसे देऊन विकत घेईल का? चीनमध्ये घेत असत. 'दक्षिणेकडील वनस्पती' या विषयावरचा एक जुना चिनी ग्रंथ आहे. तो जी हान याने इ. स. ३०४ मध्ये लिहिला, असे परंपरा सांगते. आजच्या व्हिएतनामच्या उत्तर भागातले लोक मुंग्यांची घरटी डहाळी-पानांसकट, बोरूच्या चटईच्या पिशव्यांत भरून बाजारात विकतात, असे त्यात वर्णन आहे. या मुंग्या झाडावर नसल्या तर संत्र्याचे एकही फळ धड राहत नाही, असेही तो सांगतो. काही अभ्यासकांच्या मते हा ग्रंथ आज ज्या रूपात मिळतो ते बाराव्या शतकातले आहे. तो वाद खुशाल चालू राहो. नवव्या शतकातल्या दुसऱ्या चिनी लेखकानेही संत्र्यावरच्या या मुंग्यांची नोंद केलेली आहे, तेव्हा प्रथा हजार वर्षांपेक्षा जुनी आहे यात शंका नाही. एका किड्याकडून दुसऱ्या किड्याचा बंदोबस्त करून घेण्याचे जगातले सर्वांत जुने लेखी उदाहरण म्हणून कीटकशास्त्राची पुस्तके हेच देतात. पुढे १७०० च्या सुमारास क्वांगतुंग प्रांतातले बागवान एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत बांबूच्या कांबी बांधत. मुंग्यांना जमिनीवर न उतरता सगळी बाग फिरता यावी म्हणून हे पूल! १९२४ मध्ये ग्रॉफ आणि हॉवर्ड या अमेरिकन प्राध्यापकांनी दक्षिण चीनमधील या पाळीव मुंग्यांवर लेख लिहिला, तेव्हाही हा व्यवसाय चालू होता.

हे ऐकून कोणी उद्याच लिंबावर ओंबील सोडायला निघेल. जरा थांबा. दुसरी बाजू कॅलिफोर्नियाची आहे.

तिथे १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून कापसासारखी पांढरी खवले कीड आली आणि संत्र्याच्या बागा बसायला लागल्या. १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेले हा कीटकतज्ज्ञ ऑस्ट्रेलियाला गेला. त्याने तिथून या किडीचा शत्रू, एक लहानसा लाल-काळा ढालकिडा पाठवला, आणि वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या. पुढे पिठ्या ढेकणासाठीही असाच दुसरा ढालकिडा आणला गेला. हा दुसरा आपल्या देशात १८९८ मध्येच कॉफीच्या मळ्यांसाठी आला होता. द्राक्ष बागायतदार आज त्याला क्रिप्टोलेमस या नावाने ओळखतात.

पण १९०५ नंतर कॅलिफोर्नियात दक्षिण अमेरिकेतली एक बारीक तपकिरी मुंगी पसरली आणि हिशेब बिघडला. त्याचे असे आहे. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड हे सगळे झाडाचा रस पितात आणि मागून गोड चिकटा टाकतात. तो चिकटा मुंगीचे अन्न. गवळी जसा म्हशी राखतो तशी मुंगी या किडी राखते. ढालकिडा आला की त्याला हुसकावून लावते. चिकट्यावर काळी बुरशी चढते. तीच आपल्या संत्रा बागायतदारांची जुनी वैरीण, कोळशी. आपल्याकडे कोळशीला मुख्यतः काळी माशी कारणीभूत असते, पण चिकट्याची गोष्ट तीच. म्हणजे मुंगी स्वतः फळ खात नाही, पण चोराला पहारा देते. आमची तांबडी मुंगीही यातून सुटत नाही. पाने खाणाऱ्या अळ्यांचा आणि ढेकणांचा ती फडशा पाडते, पण काही खवले किडी पाळतेही.

मग आपण काय केले? चिनी बागवानासारखे मुंगीला बोलावले नाही, आणि तिला नेमके अडवलेही नाही. बीएचसीची पांढरी पावडर बुंध्याशी, चुलीशी, धान्याच्या कणगीशी, सगळीकडे भुरभुरली. पावडरीने मुंगी मेली, तसा ढालकिडाही मेला. विष मातीत राहिले आणि पावसाबरोबर तळ्या-बोड्यांत गेले. तलावांवर जगणाऱ्या आमच्या जिल्ह्यात ही लहान गोष्ट नव्हे. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. सवय मात्र गेली नाही, फक्त डब्यावरचे नाव बदलले.

ओळख पटवणे कठीण नाही. मुंग्यांच्या रांगेच्या मागे वर शेंड्यापर्यंत नजर न्या. कोवळ्या फुटीवर किंवा देठाशी मावा, पांढरा पिंजल्यासारखा ढेकूण दिसला तर मुंग्या राखणीला आहेत. काहीच नसले आणि त्या नुसत्या फिरत असल्या तर फिरू द्या. बुंध्यावर मातीचे थर चढले असतील तर ती मुंगी नव्हेच, ती उधई. नात्याने ती झुरळाच्या जवळची, आणि तिचा इलाज वेगळा.

राखणीच्या मुंगीला अडवायचे तर जमिनीला, कुंपणाला, शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्या लागतात. चिनी माणसाने बांबूचे पूल बांधले. इथे नेमके तेच पूल तोडायचे. मग खोडाला कापडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावायचा. थेट सालीवर ग्रीस फासू नये, साल खराब होते. वाट बंद झाली की ढालकिडे आपले काम करतात, मात्र त्यांना थोडे दिवस द्यावे लागतात. आणि पट्टी एकदा लावून भागत नाही. धूळ आणि मेलेल्या मुंग्या साचल्या की त्यांच्याच पाठीवरून बाकीच्या मुंग्या वर जातात. तेव्हा आठ-पंधरा दिवसांनी बघून ती नव्याने माखावी लागते.