सुटीतले रिंगण



फाटकसभेत बोलणे निराळे आणि या व्यासपीठावर इतिहास सांगणे निराळे, हे आम्ही जाणतो. आमचे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावरच अधिक झाले. परंतु मे महिना आला, की त्याच फाटकावर एक प्रश्न दरसाल आमच्यापुढे येतो. शाळा बंद, आईबाप दोघेही पाळीवर. मग दिवसभर मूल कोठे ठेवावे? या प्रश्नापायी आम्ही मुलांच्या उन्हाळी शिबिरांचा इतिहास चाळला. त्यातला राष्ट्र सेवा दलाचा धागा आज आपणापुढे ठेवतो.

१९२३ साली डॉ. ना. सु. हर्डीकरांनी हिंदुस्थानी सेवा दल काढले, ते मुख्यतः काँग्रेसच्या स्वयंसेवकांसाठी. पुढे ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. सायंकाळी मैदानावर शाखा भरे. कवायत, लेझीम, खेळ, गाणी आणि शेवटी बौद्धिक असा क्रम असे. सुटी लागली, की शिबिर. हेतू उघड होता : स्वातंत्र्यासाठी शिस्तीची तरुण पिढी घडवावयाची. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४२ मध्ये, तिची परीक्षा झाली. कित्येक सेवादल सैनिक तुरुंगात गेले, कित्येक भूमिगत झाले.

पण त्या रिंगणात आणखी एक गोष्ट घडत होती. शेजारी बसलेल्याची जात विचारावयाची नाही, हा धडा मूल भाषण ऐकून शिकत नाही. एकत्र खेळून आणि एका पंक्तीला जेवून शिकते. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. सेवा दलाच्या मुलांना त्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागला नसेल.

१९४७ साली स्वातंत्र्य आले आणि पेच पडला. ज्या लढ्यासाठी फौज उभारली तो संपला. आता फौजेने काय करावे? संप जिंकल्यानंतर युनियनपुढेही हाच पेच येतो. अनेक संघटना अशा वेळी जुन्या विजयाच्या गोष्टी सांगत म्हाताऱ्या होतात. सेवा दलाने कवायतीच्या जोडीला कुदळ-फावडे घेतले, श्रमदानाची शिबिरे भरवली. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्या कलापथकाने गावोगाव गाणी नेली. निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे कलावंत त्यातूनच पुढे आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पन्नालाल सुराणांनी पोरक्या मुलांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभे केले. सुटीपुरते रिंगण तेथे बारमाही झाले.

आपल्या रायगडातही ही वहिवाट परकी नाही. माणगावजवळ वडघरला साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे, तेथे मुलांची शिबिरे भरतात. १९६१ साली स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरचे काम आपल्या पनवेल तालुक्यातच, तारा गावी चालते.

तीन पिढ्यांत हेतू बदलला : आधी स्वातंत्र्य, मग उभारणी, मग आधार. बदलला म्हणून आम्ही खंत करीत नाही. न बदलता तर शिबिर केव्हाच मोडले असते. मात्र रिंगणाला दार नव्हते, ही एक गोष्ट बदलली नाही.

आज पनवेलमध्ये मार्च संपला, की समर कॅम्पच्या पाट्या लागतात. पोहणे, चित्रकला, यंत्रमानव बनविणे; मुलांनी हे जरूर शिकावे. पण तेथे फी हेच दार आहे. गेल्या मे महिन्यात तळोज्याची एक कंत्राटी कामगार भगिनी आम्हांस म्हणाली, "दादा, पोराला बाहेरून कडी लावून येते." त्या दिवशी पगारवाढीच्या मागणीचे पत्रक आमच्या हातात होते. त्यात या कडीचा उल्लेख नव्हता. ही चूक आमची.

मे महिन्यात शाळांची मैदाने रिकामी असतात. नगरात निवृत्त शिक्षक आहेत, आणि पाळी सुटल्यावर दोन तास देणारे कामगार आम्ही आणू. सावली, पाण्याचा पिंप आणि एक चेंडू, एवढ्यावर सुरुवात होते. चौथ्या पिढीचा हेतू आम्हांस एवढाच दिसतो : ती कडी निघावी.