बेवारस पिशवीमागची लष्करी विद्या

डहाणूच्या मसोलीत आज एखादी संशयास्पद बेवारस पिशवी दिसली, तर पोलीस आधी गर्दी मागे हटवतात आणि बॉम्बशोधक व नाशक पथकाला, म्हणजे बीडीडीएसला, बोलावतात. पथक पोलिसांचं असलं तरी त्याची विद्या लष्करातून आली आहे.

26 फेब्रुवारी 1884 रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनात स्फोट झाला. त्या काळातल्या अशा हल्ल्यांमध्ये सापडलेला, घड्याळावर चालणारा एक बॉम्ब कर्नल व्हिव्हियन मजेंडी यांनी निकामी केला. ते तोफखान्याचे अधिकारी. लांबूनच बॉम्ब हाताळायच्या काही पद्धतीही त्यांनीच बसवल्या. दुसऱ्या महायुद्धात न फुटलेल्या बॉम्बांनी शहरं भरली, तेव्हा हे काम लष्करी इंजिनिअरांच्या स्वतंत्र तुकड्यांकडे गेलं.

मुंबईची खरी परीक्षा झाली 12 मार्च 1993 ला. साखळी बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. रायगडच्या किनाऱ्यावर उतरवलेलं आरडीएक्स शहरभर पेरलेलं होतं आणि सगळंच फुटलं नव्हतं. तीन दिवसांनी धनजी स्ट्रीटवरच्या स्कूटरमधली स्फोटकं हेरली ती पोलिसांच्या झंजीर या श्वानानं. पुण्यात तयार झालेल्या या लॅब्रेडॉरच्या नावावर 3,329 किलो आरडीएक्स आहे. 16 नोव्हेंबर 2000 ला तो गेला, तेव्हा त्याला पोलिसी इतमामात निरोप दिला गेला. तो मान त्याचा हक्कच होता.

26/11 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर मात्र आठवडाभर सीएसटीतल्या बेवारस सामानात जिवंत बॉम्ब पडून होते. ते 3 डिसेंबर 2008 ला सापडले. एकेक पिशवी तपासायचं साधं, कंटाळवाणं काम तेवढं राहून गेलं होतं. याचा राग आजही येतो.

पुण्याच्या दिघीतल्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं ‘दक्ष’ हा रोबो लष्करासाठी घडवला. तो एक्स-रे काढतो आणि पाण्याच्या जोरदार झोतानं बॉम्ब फुटायच्या आत त्याची जोडणी तोडतो. माणूस दूर बसून त्याला चालवतो. जुना तोफगोळा सापडला तर मात्र पोलीस अजूनही लष्कराची मदत मागतात.

पथक पोहोचेपर्यंत पिशवीपाशी उभा असतो तो ठाण्याचा हवालदार. म्हणून बेवारस पिशवी दिसल्यावर काय करायचं, हे शिक्षण पथकापुरतं ठेवू नये. डहाणू रोड स्टेशनातले हमाल आणि बंदरावरचे खलाशी यांनाही ते दरवर्षी मिळायला हवं.