खत, वही आणि अहवाल

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कागद: कर्जरोखे, खते, हुकूमनामे. सावकाराने कागद मुकाट्याने बाहेर काढून दिले तिथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. कागद तेवढे चौकात आणून जाळले गेले. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हेच घडले. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७८ मध्ये त्याचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि 'दख्खनचे दंगे' या नावाने हे प्रकरण आमच्या क्रमिक पुस्तकांत येऊन बसले. वर्गात ते शिकवताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. ज्यांना कागद वाचता येत नव्हता, त्यांना कागदच जाळावासा का वाटला?

कापसाची तेजी, १८६५ नंतरची मंदी, वाढलेला शेतसारा ही कारणे इतिहासकार देतात आणि ती खरीच आहेत. पण कागदाच्या मुळाशी जायचे तर आणखी मागे जावे लागते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचा दर वर्णानुसार ठरवून दिला आहे: ब्राह्मणाला महिना शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार, शूद्राला पाच. ज्याच्याजवळ सर्वांत कमी, त्याला सर्वांत महाग. त्याच अध्यायात पुढे असेही सांगितले आहे की ऋणको सावकाराच्या वर्णाचा किंवा त्याहून खालचा असेल तर त्याने अंगमेहनतीने कर्ज फेडावे. वरच्या वर्णाचा असेल तर त्याने सवडीने थोडेथोडे द्यावे. आज ज्याला पत म्हणतात ती ठरवण्याचे हे जुने कोष्टक, आणि आम्ही अतिशूद्र तर त्या कोष्टकाच्याही बाहेर. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हा ग्रंथ जाळला गेला. तेव्हा त्यात व्याजाचे हे दरपत्रकही जळाले, हे आपल्या व्याख्यानांतून क्वचितच ऐकू येते.

त्याच धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियमही दिला. एका वेळी वसूल करायचे व्याज मुदलाहून जास्त असू नये, असा तो नियम. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो मानलाही. पण ऋणकोच्या हाती एक ढाल आली की तिची तलवार कशी करायची, हे सावकाराला चांगले ठाऊक असते. १८५९ चा मुदतीचा कायदा पाहा. साध्या, नोंदणी न केलेल्या रोख्यावर तीन वर्षांत दावा केला नाही तर तो बुडावा, अशी त्याची तरतूद. हेतू असा की जुनी कर्जे माणसाच्या मानगुटीवर कायमची बसू नयेत. घडले ते उलट. मुदत संपत आली की सावकार ऋणकोला बोलावी, थकलेले व्याज मुदलात घाली आणि नव्या खतावर अंगठा घेई. समजा, शंभर रुपये शेकडा चोवीस दराने घेतले. तीन वर्षांनी १७२ चे खत, सहा वर्षांनी सुमारे २९६ चे, नऊ वर्षांनी ५०९ चे. दर वेळी व्याजाचे मुद्दल होत असल्याने दामदुपटही पाळल्यासारखी दिसते! आयोगाने हा प्रकार नोंदवला. दाव्यांतले बहुसंख्य निकाल एकतर्फी लागत होते, हेही त्याने नोंदवले. समन्स आले की शेतकरी कचेरीत जातच नसे. न वाचता येणारा माणूस कचेरीत जाऊन काय बोलणार? १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी कर्ज, कचेरी आणि अविद्या यांची गाठ एकत्रच घातली आहे, ती उगाच नव्हे.

बापाच्या कर्जाची गोष्ट तर याहून कडू आहे. वारशात एक दमडी मिळाली नसली तरी बापाचे कर्ज मुलाने फेडले पाहिजे, अशी मुंबई इलाख्यात हिंदू मुलाची जबाबदारी न्यायालये धरीत होती. १८६६ च्या कायद्याने ती मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. मुलावरचे धार्मिक ऋण म्हणून जे काही उरले होते, ते २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने त्यापुढच्या कर्जांसाठी काढून टाकले. हे सुमारे एकशेचाळीस वर्षांचे अंतर आहे. आजही वसुलीचा माणूस मयताच्या मुलाच्या दारात उभा राहतो, तेव्हा तो १८६६ च्या आधीच्या काळात वावरत असतो.

दंग्यांचे फलित म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो झाला. न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले. मला मात्र यातल्या तीन साध्या कलमांचे मोल अधिक वाटते. भरलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि खातेपुस्तक भरून घेण्याचा हक्क त्यांनी दिला. वहीवर मालकी सावकाराची, पण तीत काय लिहिले आहे ते पाहण्याचा हक्क ऋणकोचा, ही कल्पना आमच्याकडच्या कायद्यात इथे नीट मांडली गेली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना आणि हिशेबाची सक्ती आणली. त्याची जागा घेणाऱ्या २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात तर अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळवण्याचीही वाट आहे.

पण या साऱ्या इतिहासात आमचा माणूस कुठे आहे? त्याच्याजवळ गहाण टाकायला जमीन नव्हती, म्हणून त्याचे खत नव्हते. आणि खत नव्हते म्हणून दफ्तरात तो नाही. त्याने गहाण टाकले ते स्वतःचे अंग. माझे वडील मराठवाड्यात सालगडी होते. पाडव्याला साल ठरे, उचल मिळे आणि पुढच्या पाडव्याला मालकाच्या वहीत काही ना काही बाकी निघेच. ही बाकी कशी निघते, असे मी शाळकरी वयात विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाबा, वहीत काय लिवलंय ते मालकाला ठावं. आपल्याला फकस्त बाकी ठावं." त्या वहीचे पान त्यांनी कधी पाहिले नाही. १९७५ च्या ऑक्टोबरात वटहुकूम निघाला, १९७६ मध्ये वेठबिगारमुक्तीचा कायदा झाला. अशा उचलीपायी राबण्याचे बंधन, ते बापाकडून मुलाकडे आलेले असले तरी, कायद्याने संपले. त्याच सुमारास महाराष्ट्राने अल्पभूधारक, शेतमजूर, कारागीर यांना सावकारी कर्जातून मुक्त करणारा कायदा केला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. माझ्या वडिलांचे साल मात्र त्यानंतरही वीस वर्षे दर पाडव्याला ठरत राहिले.

आता वही गावात राहिलेली नाही. ती संगणकात गेली आहे. २००० साली पहिली पतमाहिती कंपनी, सिबिल, स्थापन झाली. २००५ मध्ये या कंपन्यांसाठी कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत आणि त्या तीनशे ते नऊशे गुणांत माणसाची पत मोजतात. गुणांच्या हिशेबात जात लिहिलेली नसते, हे खरे. पण बचत गटाच्या हप्त्यापासून मोटारसायकलच्या कर्जापर्यंत सारे तिथे लिहिले जाते, आणि ज्याचे लिहिले जाते त्याला बहुधा पत्ता नसतो.

मला पत्ता लागला तो घरासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा. नोकरी कायम, पगार नियमित, तरी अर्ज फेटाळला. अहवाल काढला तर त्यात एका दुचाकीचे बुडीत कर्ज. मी दुचाकी कधी घेतलीच नाही. शोध घेतला तेव्हा कळले: माझेच नाव, माझ्याच वडिलांचे नाव असलेला दुसरा एक माणूस शेजारच्या जिल्ह्यात आहे आणि आम्हा दोघांची जन्मतारीखही एकच, १ जून. वाचकांपैकी किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? आईबापांना तारीख सांगता आली नाही म्हणून गुरुजींनी आमच्या अख्ख्या पिढ्या एकाच दिवशी जन्माला घातल्या. त्या अज्ञानाची किंमत असल्या ठिकाणी वसूल होईल, हे गुरुजींना तरी कुठे ठाऊक होते! नाव, बाप आणि १ जून एवढ्यावर कुणीतरी दोन माणसांचा एक माणूस केला. पॅन क्रमांक वेगळा होता, तो कुणी पाहिलाच नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी इथे १८७९ ची ती तीन कलमे आठवावीत. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये हा आदेश काढला. चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज तीस दिवसांत निकाली निघाला पाहिजे. २०२३ च्या आदेशाप्रमाणे त्यापुढे दर दिवशी शंभर रुपये भरपाई देय होते. २०२२ पासून या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेतही आल्या आहेत. 'राइट ऑफ' म्हणजे कर्जमाफी नव्हे; बँकेने आपल्या ताळेबंदातून रक्कम उतरवली एवढाच त्याचा अर्थ, येणे बाकीच राहते. 'सेटल्ड' म्हणजेही पूर्ण फेड नव्हे, आणि अहवाल वाचणारा त्याला डागच समजतो.

आणि जुन्या कर्जाची मुदत? साध्या विनातारण कर्जावर दाव्याची मुदत आजही तीन वर्षेच आहे. मुदत गेली की कर्ज नाहीसे होत नाही, पण न्यायालयाची वाट बंद होते. म्हणून फोन येतो: "पाचशे तरी भरा, एक सही तरी द्या." मुदतीच्या आत दिलेली लेखी कबुली, किंवा सहीनिशी नोंदवलेला अंशतः भरणा, तीन वर्षे नव्याने सुरू करतो. मुदत संपल्यावर दिलेले सहीचे लेखी वचन तर करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने नवा करारच ठरते. १८५९ नंतरचा तो अंगठा आणि ही सही यांत मला फरक दिसत नाही. सहकारी संस्थांची वसुली आणि गहाणाची कर्जे यांना वेगळे नियम आहेत, तिथे हे गणित जसेच्या तसे लावू नये. समन्स आले तर मात्र घरी बसू नये; एकतर्फी हुकूमनामा झाला की तो बारा वर्षे बजावता येतो.

माझा अर्ज दिल्यावर एका कंपनीने सत्तावीस दिवसांत ती दुचाकी माझ्या नावावरून काढली. आमच्या महाविद्यालयातल्या तृतीय वर्षाच्या मुलांनी मग आपापले अहवाल काढले, काहींनी आयांचेही काढले. चौघींच्या अहवालांत फिटलेली गटकर्जे थकीत दिसत आहेत. पावत्या दोघींकडेच सापडल्या. माझ्या बाबतीत आणखी दोन कंपन्यांच्या अहवालांत ती दुचाकी अजून उभी आहे. अर्ज पोचल्याची पोच माझ्याकडे आहे, तीस दिवस व्हायचे आहेत.