निकाल न देण्याचा निकाल

व्हिसाचं स्टेटस दिवसातून दहादा बघणाऱ्या मंडळींनी 'कोमागाता मारू'ची गोष्ट जरूर वाचावी. २३ मे १९१४ ला हे जपानी जहाज हाँगकाँगहून ३७६ भारतीयांना घेऊन व्हँकुव्हरला पोचलं. बहुतेक पंजाबी शीख. कॅनडाचा नियम असा, की मायदेशातून थेट, एका तिकिटावर या. वर खिशात २०० डॉलर हवेत. आता भारतातून थेट बोटच नव्हती! आमच्या भाषेत, कधीच ट्रू न होणारी कंडिशन. नियमात 'भारतीय' हा शब्दही नाही, काम मात्र चोख.

पण मला खरी चीड येते ती पुढचं वाचून. अधिकारी निकालच देईनात. दिला तर हे लोक कोर्टात जाणार. लांबवला तर जहाजाचं भाडं थकणार, अन्नपाणी संपणार. व्हँकुव्हरमधल्या भारतीयांनी वर्गणी काढून भाडं भरलं. शेवटी मुन्शी सिंग या एकाच प्रवाशाची केस कोर्टात गेली आणि ६ जुलैला हरली. २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात जहाज परत फिरलं. सप्टेंबरअखेर कलकत्त्याजवळ बजबजला पोलिसांनी गोळीबार केला, कितीतरी प्रवासी तिथेच मेले.

कॅनडाने संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये. म्हणजे १०२ वर्षांनी. तोवर ती स्वीकारायला त्या जहाजावरचं कोण उरणार?