सहा अक्षरांची ओळख

26 जुलै 2005, मंगळवार. सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, जेमतेम 73. मिठी नदी पात्र सोडून बाहेर आली, कुर्ल्याच्या वस्त्यांत पाणी शिरले, लोकल रुळांवर थांबल्या आणि माणसे रात्रभर कमरेइतक्या पाण्यातून घराच्या दिशेने चालत राहिली. जीव गेले, संसार वाहून गेले. त्या दुःखापुढे संगणकाच्या खोलीतल्या कपाटांचा विचार कुणाच्या मनात येणार? पण पाणी ओसरल्यावर तोही करावा लागला. एका शहरातले हे दोन आकडे बॅकअपची टेप सांभाळणाऱ्यांनी कायम लक्षात ठेवावेत असे आहेत: कुर्ला बुडाले, तेव्हा पंधरावीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात पाऊस त्या मानाने फारच कमी होता.

टेपची मुंबईतली कहाणी सुरू होते तीही कुलाब्यातच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 साली सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला आणि देशभरातले संशोधक आपापली गणिते घेऊन तिथे येऊ लागले. माहिती राहायची चुंबकीय टेपच्या रिळांवर. पुढे दोनेक दशके संगणक केंद्रांत जे रीळ सगळीकडे दिसे, ते असे: साडेदहा इंच व्यासाचे, त्यावर अर्धा इंच रुंदीची 2400 फूट लांब टेप. इंचाला 1600 अक्षरे या दराने त्यावर फार तर 40-45 मेगाबाइट मावत, म्हणजे आजच्या फोनमधले दहाएक फोटो.

रिळाच्या मागच्या बाजूला, मधल्या भोकाभोवती एक गोल खाच असे. तिच्यात प्लॅस्टिकची कडी बसवली असेल, तरच यंत्र टेपवर लिहू शके. कडी नाही, तर लेखन नाही. म्हणून बॅकअप संपला की ऑपरेटरचे पहिले काम बोट घालून ती कडी उपसून काढण्याचे, आणि मगच रीळ मांडणीवर. रात्रपाळीत झोपेने जड झालेल्या डोळ्यांनीसुद्धा हात ती कडी शोधत. चुकून राहिलीच, तर दुसऱ्या रात्री तीच टेप नव्या कामाला चढे आणि काल जपून ठेवलेले आज पुसले जाई.

दुसरे काम लेबलाचे. त्याचे नियम आज वाचले तर एखाद्या कडक शिस्तीच्या आजीने घालून दिल्यासारखे वाटतात. लेबल आधी लिहायचे, मग चिकटवायचे. रिळावर चिकटवून वर पेन दाबायचे नाही. पेन्सिल वापरायची नाही, कारण शिसाची भुकटी टेपवर बसते. खोडरबर तर नाहीच. जुन्या लेबलावर नवे लावायचे नाही. जुने पूर्ण सोलून काढायचे. यातला प्रत्येक नियम कुणाची तरी टेप खराब झाल्यावर बनलेला असणार, हे उघड आहे.

पण टेपला खरे तर दोन लेबले असतात. एक बाहेर, माणसासाठी. दुसरे आत, टेपच्या अगदी सुरुवातीला, यंत्रासाठी. आयबीएमच्या पद्धतीत आतले हे लेबल 80 अक्षरांचे: पहिली चार ‘व्हीओएल1’ ही ठरलेली, त्यापुढची सहा म्हणजे त्या टेपचा क्रमांक. संगणक पडद्यावर सहा अक्षरे मागे, ऑपरेटर मांडणीवरून तो क्रमांक शोधून आणी, रीळ चढवी, आणि यंत्र आतले लेबल वाचून खात्री करून घेई. बाहेर एक आणि आत दुसरेच असेल, तर यंत्र ती टेप नाकारी. तेवढ्यावर निभावले तर नशीब. आतले लेबलच नसलेली टेप असली, की सगळी भिस्त बाहेरच्या चिठ्ठीवर.

महाराष्ट्राला ही कला नवी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्या गाठोड्याला म्हणायचे रुमाल. असे हजारो रुमाल रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास अशा वर्गांत लावलेले. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात त्या ढिगातून निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध करवले. ते काम मोठेच. पण कुठल्या रुमालात काय बांधले आहे याची यादी आधी कुणी केली नसती, तर ते कुठून सुरू झाले असते? रुमालाचा क्रमांक आणि टेपचा क्रमांक एकाच गरजेतून आले आहेत. बांधलेले गाठोडे न सोडता आत काय आहे ते कळले पाहिजे.

टेप सामान्य नोकरदाराच्या हातात आली ती बँकांमुळे. यांत्रिकीकरणाबद्दल बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात 1983 साली करार झाला, 1984 मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखाशाखांतून संगणक दिसू लागले. आता रिळांऐवजी हाताच्या पंजात मावणारी कार्ट्रिज होती. दिवसाचे काम संपले की ‘डे-एंड’, आणि डे-एंडनंतर बॅकअप. सोम, मंगळ, बुध, गुरू अशा चार टेपा दर आठवड्याला फिरत. शुक्रवारची वेगळी, ती महिनाभर राही. महिनाअखेरची त्याहून जास्त. इंग्रजीत या फेऱ्याला आजोबा, वडील आणि मुलगा यांचे नाव आहे. 31 मार्चची टेप मात्र या फेऱ्यात येतच नसे. ती वर्षाची टेप, तिच्यावर लाल शाईने लिहिलेले. कुणीतरी अधिकारी टेप पिशवीत घालून जवळच्या शाखेत ठेवायला नेई. लोकलच्या गर्दीत छातीशी धरलेल्या त्या पिशवीत शेकडो खातेदारांची शिल्लक असे.

लेबलावरच्या तारखेनेही एकदा जगाला घाम फोडला. टेपच्या आतल्या लेबलात ‘या तारखेपर्यंत पुसू नये’ अशी जागा असते. तारीख पाच आकड्यांत लिहायची: वर्षाचे दोन, दिवसाचे तीन. जी टेप कधीच पुसायची नाही, तिच्यावर अनेक ठिकाणी 99365 घालण्याची पद्धत पडली. लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ ‘कायम’. काही यंत्रांच्या लेखी मात्र 1999 सालचा 365 वा दिवस, 31 डिसेंबर. तो दिवस उलटला की कायमची म्हणून जपलेली टेप पुसायला मोकळी. 2000 साल उजाडण्याआधीच्या वायटूकेच्या धांदलीत जगभरच्या केंद्रांनी असे आकडे शोधून दुरुस्त केले. चूक टेपची नव्हती. दोन वाचणाऱ्यांनी एकाच लेबलाचे दोन अर्थ लावले होते.

तोवर मुंबईचा संगणक उत्तरेकडे सरकला होता. अंधेरीत 1973 साली सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले होते, आणि 1977 पासून एमएमआरडीएने मिठीकाठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल आखायला घेतले. गिरणी आणि मोटारींचे कुर्ले, जिथे जमशेटजी टाटांनी 1886 साली धरमसी मिल घेऊन स्वदेशी मिल चालवली आणि जिथे प्रीमियरची पद्मिनी बनली, ते आता बँकांच्या आणि शेअर बाजाराच्या पत्त्यात आले. 2000 साली एलटीओ टेप निघाली, एका कार्ट्रिजमध्ये 100 जीबी. तिच्या कडेला बारकोडचे लेबल: सहा अक्षरे, पुढे पिढी सांगणारी दोन. प्रत्येक आकड्याचा रंग वेगळा, म्हणजे मांडणीत एखादी टेप चुकीच्या जागी बसली तर लांबूनही खटकते. ‘सीएलएन’ने सुरू होणारी टेप फक्त यंत्राचे डोके साफ करण्यासाठी. लेबल किंचित तिरके लागले, तर यंत्राचा हात कप्प्यासमोर येऊन नुसता थांबतो.

टेप जुनाट झाली असे वाटते खरे. पण 2011 च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही खात्यांतली पत्रे नाहीशी झाली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. कपाटात पडलेल्या टेपला तार जोडलेली नसते, म्हणून तारेतून येणारे संकट तिच्यापर्यंत पोचत नाही. पाणी मात्र पोचते, म्हणून दुसरी प्रत दूर हवी. शेअर बाजारांनी आपत्तीसाठीचे पर्यायी केंद्र शक्यतो भूकंपाच्या वेगळ्या पट्ट्यात ठेवावे, असे सेबी सांगते. कुर्ल्याची टेप शेजारच्या चेंबूरला ठेवून 2005 च्या त्या पावसात काय साधले असते?

कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके किमान 8 वर्षे ठेवायची असतात. मुदत संपली की टेपही संपते. मुंबईत जुने इलेक्ट्रॉनिक सामान जिथे उसवले जाते, त्यात कुर्ला आणि साकीनाका ही नावे वर आहेत. पण टेप तशीच भंगारात देता येत नाही. आधी ती तीव्र चुंबकाखालून काढतात. एलटीओवर कारखान्यातच लिहिलेल्या दिशादर्शक रेषाही त्यात पुसल्या जातात, आणि मग ती टेप कुठल्याच यंत्राला वाचता येत नाही, लिहिताही येत नाही. मग रजिस्टर उघडून त्या सहा अक्षरांसमोर नष्ट केल्याची तारीख आणि दोन सह्या पडतात. तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या टेपला दिला जात नाही.